संगीत आणि सत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगीताचे राजकारण म्हणजे निषेधाची गाणी, एवढाच त्याचा अर्थ आहे का?

हा समज सर्वाधिक आढळतो, आणि तो अगदी चुकीचा आहे असे म्हणता येत नाही. पोवाडा, प्रचारगीत, मोर्चातले गाणे यांचे शब्दच राजकीय असल्यामुळे त्यांचे राजकारण कोणालाही चटकन ओळखू येते. परंतु ज्या निर्णयांनी संगीताचे जग खरोखर बदलले, ते बहुतेक वेळा शब्दांविषयी नव्हते. कोणत्या आवाजाला संगीत म्हणायचे, कोणते वाद्य ध्वनिक्षेपकासमोर येऊ द्यायचे, कोणाला गायिका म्हणायचे आणि कोणाला केवळ नाचणारी, कोणाच्या नावाने स्वामित्वधन (रॉयल्टी) जमा व्हायचे, हे प्रश्न कायद्यांतून, परिपत्रकांतून आणि करारांतून सुटत गेले. ज्याला शब्दच नाहीत अशा ढोलावरही बंदी आलेली आहे. म्हणून पुढील उत्तरांत गाण्याच्या आशयापेक्षा या निर्णयांवर अधिक भर दिला आहे.

‘संगीत’ ही कल्पना सर्व समाजांत सारखीच आहे का?

नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात हिशेबखात्याचा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात गीत, वाद्य आणि नृत्त या तिघांना मिळून संगीत म्हटले. आज आपण नृत्य त्यातून सहज वगळतो. पश्चिम आफ्रिकेतील हौसा भाषेत गाणे, वाजवणे, विशिष्ट वाद्ये यांसाठी भरपूर शब्द आहेत, मात्र या सर्वांना कवेत घेणारा ‘संगीत’ असा एक शब्द परंपरेने नाही. कुराणाचे सस्वर पठण परक्या कानाला गायन वाटते, पण मुस्लिम समाजांत त्याला सहसा संगीत म्हणत नाहीत, आणि हा भेद त्यांच्या दृष्टीने मूलभूत आहे.

दूर जाण्याची गरज नाही. मराठीत आरती ‘म्हणतात’, भजन आणि कीर्तन ‘करतात’, ओवी ‘गातात’, ताशा मात्र ‘बडवतात’. या क्रियापदांत प्रतिष्ठेची एक उतरंड दडलेली आहे, आणि अभ्यासाला सुरुवात करण्यासाठी तिच्यासारखी दुसरी जागा नाही.

या अभ्यासाला काय म्हणतात आणि तो केव्हा सुरू झाला?

मराठीत त्यासाठी ‘संस्कृतिसंगीतशास्त्र’ हा शब्द वापरला जातो. ‘एथ्नोम्युझिकॉलॉजी’ हे मूळ नावही रूढ आहे. बर्लिनमध्ये 1900 मध्ये ध्वनिमुद्रणांचे संग्रहालय सुरू झाले, तेव्हा या विद्याशाखेला ‘तुलनात्मक संगीतशास्त्र’ म्हणत असत. वसाहतींतून आणलेल्या मेणाच्या नळकांड्यांवरील आवाज ऐकून जगभरच्या संगीताची तुलना करायची, अशी ती पद्धत होती, आणि अभ्यासकाने त्या गावी जाणे आवश्यक मानले जात नसे. याच वर्तुळातील होर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी 1914 मध्ये केलेले वाद्यांचे वर्गीकरण आजही वापरात आहे. 1950 मध्ये डच अभ्यासक याप कुन्स्ट यांनी नवे नाव सुचवले आणि 1955 मध्ये अमेरिकेत या विषयाची संस्था स्थापन झाली. पुढे दक्षिण आफ्रिकेतील वेंडा समाजात राहून अभ्यास करणाऱ्या जॉन ब्लॅकिंग यांनी प्रश्नच फिरवला : काही थोडेच लोक ‘संगीताचे जाणकार’ असतात ही समजूत निसर्गाने दिली आहे, की ती विशिष्ट समाजव्यवस्थेने तयार केली आहे?

महाराष्ट्रात या दृष्टीची मांडणी अशोक दा. रानडे यांनी सातत्याने केली. आदिम, लोक, धर्म, कला, जन आणि संगम अशा संगीतकोटी मानून त्यांनी शास्त्रीय संगीताला सर्व संगीताचे शिखर न समजता अनेकांपैकी एक कोटी म्हणून पाहिले. 1982 मध्ये या विषयाचे एक महत्त्वाचे अभिलेखागार पुण्यात सुरू झाले. ते पुढे दिल्लीकडे हलले.

वाद्यावर बंदी घालण्याची वेळ सरकारांवर का येते?

वाद्य माणसे जमवते आणि दूरवर निरोप पोहोचवते, हे त्याचे साधे कारण आहे. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना वसाहतीत 1739 मध्ये स्टोनो येथे गुलामांनी उठाव केला, तेव्हा ते ढोल वाजवीत चालले होते. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगे बाळगण्यास मनाई केली. त्रिनिदादमध्ये 1881 च्या कार्निव्हलमधील दंगलीनंतर ब्रिटिश प्रशासनाने 1884 मध्ये ढोलांवर निर्बंध आणले. लोकांनी मग वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, त्यानंतर पत्र्याचे डबे आले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेलाच्या पिंपांपासून ‘स्टीलपॅन’ हे स्वतंत्र स्वरवाद्य घडले. त्याच 1884 मध्ये, त्याच बेटावर, भारतीय मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन अनेक जण मृत्युमुखी पडले. त्या मिरवणुकीतला ताशा तिथे आजही ‘तासा’ या नावाने वाजतो.

चिलीतील उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. 1973 च्या लष्करी उठावानंतर गायक व्हिक्तोर हारा यांची हत्या झाली हे सर्वज्ञात आहे, परंतु त्याच काळात केना ही बासरी आणि चारांगो हे छोटे तंतुवाद्य यांच्याकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले, कारण पदच्युत सरकारला पाठिंबा देणाऱ्या गायकांच्या हातांत ती दिसली होती. अँडीज पर्वतातल्या या वाद्यांचा स्वतःचा काही पक्ष नव्हता. तो त्यांना संगतीने चिकटला.

बंदीच्या सर्वच कथा खऱ्या असतात का?

नसतात, आणि याबाबतीत सावध राहावे. स्कॉटलंडमध्ये 1746 मध्ये फसलेल्या उठावानंतर कायद्याने बॅगपाइपवर बंदी आली, असे वारंवार सांगितले जाते. त्या वर्षीच्या कायद्यात हायलँडच्या पोशाखाचा आणि शस्त्रांचा उल्लेख आहे, बॅगपाइपचा नाही. जेम्स रीड या बॅगपाइपवादकाला यॉर्क येथे फाशी देण्यात आली आणि हे वाद्य युद्धसामग्रीच आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली, हे खरे. परंतु एका खटल्यातून पुढे राष्ट्रव्यापी बंदीची दंतकथा कशी तयार झाली, हाही याच अभ्यासाचा विषय आहे.

भारतात रेडिओवर पेटी खरोखरच बंद होती का?

होय, आणि तीन दशकांहून अधिक काळ बंद होती. 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवर मनाई केली आणि ही बंदी 1971 मध्ये शिथिल झाली, तीही आधी निवडक कलाकारांच्या साथीपुरती. हे प्रकरण सविस्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात एकमेकांशी अजिबात न पटणारे लोक एकाच बाजूला उभे राहिलेले दिसतात.

पहिला आक्षेप स्वरांचा होता. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात आणि प्रत्येक पट्टीचा स्वर पक्का असतो. त्यामुळे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) घेता येत नाही, आंदोलन (स्वराला दिलेला सावकाश हेलकावा) दाखवता येत नाही आणि रागपरत्वे किंचित चढणारे-उतरणारे स्वर तिच्यात सापडत नाहीत. हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खरा आहे. दुसरा आक्षेप उगमाचा होता. पॅरिसमध्ये 1842 मध्ये ज्याचे पेटंट घेतले गेले आणि कलकत्त्यात ज्याला मांडीजवळ घेऊन एका हाताने भाता मारण्याचे रूप मिळाले, ते वाद्य परके आहे असे स्वदेशीच्या काळात वाटणे स्वाभाविक होते. रवींद्रनाथ टागोरांनी पेटी आपल्या आश्रमातून हद्दपार केली होती आणि रेडिओनेही तसेच करावे असे त्यांचे म्हणणे होते. गंमत अशी, की ज्यांनी बंदीचा युक्तिवाद केला आणि ती अमलात आणली त्यांत जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार आणि लायोनेल फील्डन हे रेडिओचे इंग्रज नियंत्रक होते. भारतीय संगीताचे शुद्ध रूप कोणते हे ठरवण्यात परकीय अधिकारी आणि राष्ट्रवादी कवी यांचे एकमत झाले. ज्यांच्या घरात पेटी होती त्यांना कोणी विचारले नाही.

मराठी माणसासाठी हा प्रश्न दूरचा नव्हता. संगीत नाटकाचा ऑर्गन, कीर्तनकाराची पेटी, भजनी मंडळातली पेटी आणि ‘मानापमान’च्या चाली देणाऱ्या गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने तिला मिळवून दिलेली प्रतिष्ठा पाहता, महाराष्ट्रात हे वाद्य 1940 पर्यंत पूर्ण घरचे झाले होते. सारंगीच्या साथीला जो कलावंतिणींच्या बैठकीचा शिक्का होता, तो पेटीला नव्हता, म्हणून मध्यमवर्गीय घरांत मुलींच्या शिक्षणासाठी पेटी चालत असे. शुद्धतेच्या नावाने आलेली बंदी त्यामुळे आणखी एका शुद्धतेच्या आड आली. माझ्या मते स्वरांचा आक्षेप खरा असूनही बंदी चुकीची होती : वाद्याची मर्यादा गायकाला आणि श्रोत्याला कळते, त्यासाठी परिपत्रकाची आवश्यकता नसते.

चित्रपटगीते आकाशवाणीवरून का हटवली गेली?

1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्यात जन्मलेले गृहस्थ होते. चित्रपटगीते उथळ आणि पाश्चात्त्य वळणाची आहेत, त्यांनी जनतेची अभिरुची बिघडते आणि ती सुधारणे हे सरकारी रेडिओचे कर्तव्य आहे, असे त्यांचे मत होते. चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यात आला, गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगण्यावर मर्यादा आली, निर्मात्यांशी वाद पेटला, गाणी प्रसारित करण्याचे परवाने रद्द झाले आणि गाणी जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते मात्र घरीच होते, आणि त्यांच्या रेडिओला काटा फिरवता येत होता. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि सरकारी केंद्रे सोडून लोक कोलंबोकडे वळले. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला माघार घ्यावी लागली.

केसकरांवर केवळ टीका करून थांबणे योग्य होणार नाही. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, रेडिओ संगीत संमेलन, ध्वनिचाचणी घेऊन कलाकारांना श्रेणी देण्याची पद्धत या गोष्टी त्यांच्या काळात उभ्या राहिल्या. संस्थाने विलीन झाल्यामुळे आश्रयदाते गमावलेल्या असंख्य कलावंतांना रेडिओने मासिक उत्पन्न दिले, हे ऋण मोठे आहे. दुसरी बाजू अशी, की मध्ययुगीन दरबारांत, विशेषतः मुसलमान आश्रयदात्यांच्या हाती, भारतीय संगीत अध्यात्मापासून ढळले असा इतिहास ते मांडत होते, आणि ध्वनिचाचणीमुळे आयुष्यभर घराण्यात शिकलेल्या उस्तादाला परीक्षकांपुढे बसून रागाची शास्त्रीय माहिती सांगण्याची वेळ आली.

ज्या ‘पाश्चात्त्य’ वाद्यमेळावर त्यांचा रोष होता, तो वाजवणारे बरेचसे हात गोव्याचे होते. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवले जात असे; तिथून मुंबईला आलेले अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक आणि संयोजक हिंदी चित्रपटसंगीताचा कणा झाले. एका साम्राज्याने केलेली संगीताची पेरणी दुसऱ्या साम्राज्यातून मुक्त झालेल्या देशाच्या मंत्र्याला खटकली, असे या वादाचे एक वर्णन करता येईल.

भातखंडे आणि पलुस्कर यांनी संगीत सर्वांसाठी खुले केले, मग त्यात राजकारण कसले?

विष्णु नारायण भातखंडे यांनी चिजा (रागांतल्या बंदिशी) जमवून स्वरलिपीत छापल्या, रागांची दहा थाटांत, म्हणजे मूळ स्वररचनांच्या गटांत, व्यवस्था लावली आणि 1916 मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. फी भरून कोणाही घरच्या मुलाला संगीत शिकता येऊ लागले, ही क्रांतीच होती. मात्र दार जेव्हा एकासाठी उघडते तेव्हा दुसऱ्याचा हक्क बदलतो. वंशपरंपरेने जपलेली विद्या छापली गेल्यावर तिच्यावरची उस्तादांची पकड सैल झाली, आणि पलुस्करांच्या विद्यालयातील प्रार्थना-भजनांच्या वातावरणात संगीताला जो हिंदू भक्तीचा रंग चढला, त्यात मुसलमान कलावंतांची जागा अवघडल्यासारखी झाली.

सर्वांत मोठी किंमत गायिकांच्या एका पिढीने मोजली. वल्लभभाई पटेल यांच्याकडे नभोवाणी खाते असताना, ज्यांचे खासगी जीवन लोकनिंदेचा विषय आहे अशांना रेडिओची दारे बंद करण्याचे धोरण आले. ते कोणाला उद्देशून होते हे सांगण्याची गरज नव्हती. गोव्यातील कलावंतिणींच्या परंपरेतून आलेल्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीत जे स्थान मिळवले, ते या हवेविरुद्ध मिळवलेले आहे. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या ध्वनिमुद्रिकेत भारताचे म्हणून एकच गाणे आहे, केसरबाईंची भैरवीतील ‘जात कहां हो’. यान सुटल्यावर काही दिवसांतच, 16 सप्टेंबरला, त्या वारल्या.

जातीचा आणि वाद्याचा संबंध आजही अभ्यासला जातो का?

होय. कातड्याचे वाद्य वाजवणे हे अनेक ठिकाणी विशिष्ट जातींवर लादलेले गावकीचे काम होते, आणि आंबेडकरी चळवळीत ते काम नाकारणे हे राजकीय कृत्य ठरले. तमिळनाडूत पराई या डफासारख्या वाद्याविषयी दोन्ही प्रवाह दिसतात : काहींनी अपमानाची खूण म्हणून ते टाकले, तर नंतरच्या कार्यकर्त्यांनी तेच अभिमानाने व्यासपीठावर आणले. दोन्ही भूमिका एकाच घरात नांदू शकतात.

महाराष्ट्रात जलशांनी, म्हणजे गाणी आणि नाट्य यांतून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमांनी, वेगळी वाट काढली. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज उचलून त्यातला आशय बदलला. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगावी नेला. शाहीर अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी हाच बाज कामगार चळवळीत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात वापरला. ज्या तमाशाला बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लील ठरवून बंदीला सामोरे जायला लावले, त्याच्याच अंगणात हे सर्व घडत होते.

गाण्याने सरकार उलथू शकते का?

एकट्या गाण्याने नाही. एस्टोनियाचे उदाहरण नेहमी दिले जाते : 1988 च्या उन्हाळ्यात आणि सप्टेंबरमध्ये ताल्लिनच्या गीतमैदानावर लाखोंचा समुदाय जमून मनाई असलेली देशगीते गात होता, आणि 1991 मध्ये देश स्वतंत्र झाला. परंतु त्यामागे 1869 पासून चालत आलेला गीतमहोत्सव होता, गावोगावी वृंदगानाची मंडळे होती, आणि सोव्हिएत सत्तेने हा महोत्सव बंद न करता आपल्या प्रचारासाठी चालू ठेवला होता. म्हणजे हजारो माणसांना एका सुरात गाण्याची सवय सरकारनेच टिकवून ठेवली. शिवाय ही वृंदगानाची पद्धत मुळात जर्मन जमीनदारवर्गाच्या संस्कृतीतून तिथे आली होती. आपली वाटणारी परंपरा परकी असू शकते, हे पेटीच्या प्रकरणानंतर नवे वाटू नये.

परंपरेतल्या गाण्याचा पैसा कोणाला मिळतो?

बहुधा गाणाऱ्याला नाही. दक्षिण आफ्रिकेतील झुलू गायक सॉलोमन लिंडा यांनी 1939 मध्ये जोहान्सबर्गला ‘मबुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे हक्क क्षुल्लक रकमेला गेले. अमेरिकेत ते आधी ‘विमोवे’ या चुकीच्या ऐकलेल्या शब्दाने, मग 1961 मध्ये ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ या नावाने जगभर गाजले. लिंडा 1962 मध्ये गरिबीत वारले. वारसांना तडजोडीने वाटा मिळाला तो 2006 मध्ये. ‘आफ्रिकेचे लोकगीत’ असे लेबल लागले की रचनाकार अदृश्य होतो. त्याच देशात वर्णभेदी राजवटीचा सरकारी रेडिओ नको असलेल्या गाण्यांच्या तबकड्यांवर टोकदार वस्तूने ओरखडे काढत असे, म्हणजे चुकूनही त्या लागू नयेत.

काळाबरोबर नाहीशी होणारी गाणी जपून ठेवण्यात काही अडचण आहे का?

ध्वनिमुद्रण करणे सोपे आहे, प्रसंग जपणे अवघड आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आल्यावर जाते थांबले आणि ओवीची वेळच संपली. पहाटेच्या काळोखात, घरातले पुरुष झोपलेले असताना, दोन बायकांनी खुंटा धरून एकमेकींना सांगायची ही गोष्ट होती; तिच्यात सासरचा जाच होता, भावाची वाट होती, विठोबाशी भांडण होते. मुद्रणयंत्रासमोर ती सांगताना ऐकणारा बदलतो, आणि अभ्यासकाने हा बदल नोंदवायलाच हवा.

तरीही या संग्रहात काय सापडते ते पाहण्यासारखे आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरमध्ये 1996 मध्ये ज्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, त्यांत बायका बाबासाहेबांविषयी गातात, आणि चाल तीच आहे जिच्यात त्यांच्या आज्या पंढरीच्या वाटेविषयी गात असत.